मेंढीचं सांगून माणसाचं रक्त विकलं. ब्लड अगर बनवणाऱ्यांनी जरूर वाचा

घशाच्या स्वॅबमधले जंतू वाढवून ओळखण्यासाठी आमच्या लॅबमध्ये ब्लड अगर, म्हणजे रक्त मिसळलेलं जेलीसारखं माध्यम, रोज लागतो. त्याला लागणारं मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठवणारं फायब्रिन काढून टाकलेलं) रक्त आम्ही एका ठरलेल्या ठिकाणाहून घ्यायचो. मध्यंतरी तिथला पुरवठा रखडला आणि एक नवा सप्लायर दारात हजर झाला. दर जवळजवळ निम्मा, बाटली लॅबमध्ये पोच, बिल "महिनाअखेरीस एकदम". बाटलीवर छापील लेबल होतं, पण बॅच नंबर पेनाने लिहिलेला आणि रक्त काढल्याची तारीखच नाही.

नवा लॉट रुग्णांच्या नमुन्यांना वापरण्याआधी कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेला ओळखीचा जंतू, लावायची आमच्याकडे शिस्त आहे, म्हणून हा प्रकार उघडकीस आला. स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस (घसा बिघडवणारा 'स्ट्रेप' जंतू) ब्लड अगरवर वाढला की कॉलनीभोवतीचा लाल रंग पार जाऊन स्वच्छ, आरपार दिसणारं वर्तुळ उमटतं. या प्लेटवर कॉलन्या बारीक, वर्तुळ अरुंद आणि धुरकट. जुन्या रक्ताच्या उरलेल्या प्लेटवर मात्र तोच स्ट्रेन झकास वाढलेला. अगर 45 ते 50 अंशांपर्यंत निववूनच रक्त घातलं होतं. म्हणजे खोट रक्तातच होती.

मग बाटलीतल्या थेंबाचा स्मिअर (काचेवर पातळ थर) काढून पेशी दिसाव्यात म्हणून लीशमन स्टेन या रंगाने रंगवला. मेंढीची लाल पेशी साधारण 4.5 मायक्रॉनची असते, माणसाची 7 ते 8. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या) टेबलावरचा एका रुग्णाचा स्मिअर शेजारी घेतला. दोन्हींतल्या पेशी एकाच मापाच्या! रक्तगट तपासायचं अँटी-डी (आरएच पॉझिटिव्ह माणसाच्या लाल पेशींच्या गुठळ्या करणारं द्रव) स्लाइडवर टाकलं, तर क्षणात गुठळ्या. डिफायब्रिनेटेड रक्तातलं फायब्रिन आधीच काढलेलं असल्याने ते पुन्हा गोठत नाही. यात कॅल्शियम क्लोराइड घालून 37 अंशांवर ठेवलं आणि ते गोठलं. सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून पिशवीत असणारं रसायन, कॅल्शियम घातलं की त्याचा असर जातो) घातलेलं माणसाचं रक्त होतं ते. कुठल्यातरी ब्लड बँकेतली टाकाऊ पिशवी बाटलीत रिकामी केली असणार, असं माझं ठाम मत आहे.

सप्लायरला फोन केला. म्हणाला, "मॅडम, रक्त ते रक्त. प्लेट लाल दिसल्याशी मतलब. बाकी कोणत्याच लॅबची तक्रार नाही."

पैसे बुडाले त्यापेक्षा हे शेवटचं वाक्य मला जास्त छळतं. त्या बाकीच्या लॅबमध्ये एखाद्या पोराच्या घशातला स्ट्रेप हुकला, तर पुढे ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन त्याच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. माणसाच्या रक्तात दात्याच्या अँटिबॉडीज असतात, कधी त्याने घेतलेलं अँटिबायोटिकही असतं; ज्या जंतूला शोधायचं तोच दबून जातो. शिवाय पिशवी का टाकली होती हे कोणाला माहीत? एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाली म्हणून बाद केलेली असेल, तर मेंढीचं समजून ती हाताळणाऱ्या टेक्निशियनचं काय? 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार अशी पिशवी पिवळ्या वर्गात जाऊन नष्ट व्हायला हवी. ती बाजारात येतेच कशी, याचा मला भयंकर संताप आहे.

बाटली सीलबंद करून आम्ही औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रारीसोबत दिली आहे.

तुमच्याकडे असं स्वस्त रक्त येत असेल तर आजच स्मिअर बघा. अँटी-डी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, आरएच निगेटिव्ह पिशवीही असू शकते. पेशींचं माप बघाच. संशय आला तर बाटली ओतून टाकू नका, आणि पक्कं बिल नसेल तर व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. तक्रारीत आमच्या हाती तेवढाच पुरावा होता.