वीस ठशांचा कार्व्हिंग संच: सुऱ्या-कोयत्याचं म्यान करणाऱ्यांसाठी

चामड्यावर नक्षी उठवायचे वीस ठसे, एक स्विव्हल नाइफ (रेषा कापायची फिरती सुरी), लाकडी मॅलेट (हातोडा), मेणाच्या दोऱ्याचं रीळ, सुया, सरावाला चामड्याचे दोन तुकडे आणि हे सगळं गुंडाळून ठेवायची कापडी पिशवी. किंमत दोन हजारांच्या आत. ऑनलाइन अशा संचांचा सुळसुळाट आहे. नावं वेगळी, पण फोटो बघितले तर माल एकाच घाण्यातला दिसतो. मला बागेतल्या कोयत्याला आणि पुतण्याच्या ट्रेकच्या सुरीला नक्षीचं म्यान करायचं होतं, म्हणून मागवला. सगळी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये पंच-डाय करण्यात गेली आहे, तेव्हा थोडी किरकिर ऐकून घ्यावी लागेल.

आधी ठसे. चुंबक लावून पाहिलं. काही चिकटले, बरेचसे नाही. न चिकटलेले झिंकचे ओतीव आहेत, वरून चकचकीत मुलामा. दांड्यावर साच्याची रेघ तशीच सोडलेली आहे. ती बोटाला लागते, कामाला नडत नाही. नडतात त्या तोंडाच्या कडा. बेव्हलरचं काम कापलेल्या रेषेची एक बाजू खाली दाबून नक्षी उठवणं. त्याचे कोपरे धारदार राहिले तर प्रत्येक ठोक्याला चामड्यावर नखाएवढा चंद्र उमटतो आणि सलग उताराऐवजी पायऱ्या दिसतात. बारीक कानशीने कोपरे मारून पॉलिश पेपर फिरवला की सुधारतात. पोलादी ठशांपैकी एकाचा मुलामा पहिल्याच आठवड्यात सुटला. हे दिसतं तेवढं किरकोळ नाही. वनस्पती-कमावणीच्या, म्हणजे झाडाच्या साली-फळांनी कमावलेल्या, ओल्या चामड्याला उघडं लोखंड लागलं की त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची क्रिया होऊन निळा-काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करायचे, तोच हा प्रकार. ताजा डाग पाण्यात पातळ केलेल्या लिंबाच्या रसाने बराच उतरतो, पण तो ठसा मी बाजूलाच काढला.

प्रत्येक ठशावर एक अक्षर आणि आकडा आहे. ही पद्धत अमेरिकेतल्या टँडी या जुन्या कंपनीच्या क्राफ्टूल ठशांची. टँडी १९१९ पासूनची, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची. नक्कल करणाऱ्यांनी क्रमांकही उचलले, आणि त्याचा आपल्याला फायदाच होतो, कारण परदेशी कारागिरांचे धडे पाहताना कोणता ठसा घ्यायचा ते कळतं. बी म्हणजे बेव्हलर, पी म्हणजे पाकळीला खोलगट छटा देणारा पेअर शेडर, सी म्हणजे देठा-पाकळ्यांवर रेघांचा पोत उठवणारा कॅमोफ्लाज, व्ही पानाच्या शिरांचा, ए मागची जमीन दाबणारा, एस फुलातल्या बियांचा. म्यानाला लागतात सहा: दोन मापांचे बेव्हलर आणि पी, सी, व्ही, ए यांतला एकेक. चांदणी, घोड्याचा नाल, फुलपाखरू असले बाकीचे ठसे संख्या भरायला घातलेत. मुलांना किचेन करून द्यायला ठीक.

खरी परीक्षा स्विव्हल नाइफची. वरच्या कमानीत तर्जनी, खालच्या दांड्याला अंगठा आणि दोन बोटं. सुरी स्वतःकडे ओढायची आणि वळणावर दांडा बोटांत फिरवायचा. या संचातल्या सुरीची कमान डुगडुगते. उंची धरून ठेवणारा बारीक स्क्रू घट्ट केला की निम्मी डुगडुग जाते, निम्मी राहते. पातं ग्राइंडरवरून तसंच पाकिटात घातलेलं, भिंगाखाली चरे मोजता येतील इतके. अशा पात्याने चामडं कापत नाही, ओढलं जातं. मी काचेवर १००० आणि मग २००० नंबरचा पेपर ठेवून घासलं, शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवं रूज (पॉलिशची वडी) लावून चमकवलं. त्यानंतर हेच पातं लोण्यातून जावं तसं चाललं. म्हणजे पोलाद बरं आहे, आळस कारखान्याचा. ज्यांना हे करायचं नसेल त्यांनी या संचाच्या वाटेला जाऊ नये, सुरी वेगळी आणि चांगली घ्यावी.

सरावाचे तुकडे मात्र निव्वळ फसवणूक. कापलेली कड पाहा: आत निळसर-करडा थर दिसला तर ते क्रोम कमावणीचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते ठसा धरत नाही, दाबलेलं पुन्हा वर येतं. कोरीव कामाला वनस्पती-कमावणीचंच लागतं. त्याची कड आरपार तपकिरी असते आणि ओलं बोट लावलं की लगेच गडद होते. म्यानाला ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडी घ्या. कापाची खोली जाडीच्या निम्म्यापुढे नेऊ नका, नाहीतर नक्षीवरच घडी मोडते. कोल्हापुरी चपलेचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडंही वापरून पाहिलं. मजबुतीला तोड नाही, पण त्याचा दाणा जाड. ठसठशीत काठ आणि टोपलीच्या विणीचा ठसा त्यावर देखणा उठतो, पानाच्या बारीक शिरा हरवतात. नाजूक वेलीसाठी चेन्नई-कोलकात्याकडून येणारं गुळगुळीत चामडं बरं.

भिजवणीबद्दल संचातल्या चिठ्ठीवर एकच ओळ आहे, 'पाणी लावा'. लावलं की लगेच ठोकायला बसायचं नाही. रंग परत मूळच्या जवळ येऊ द्यायचा. गालाला लावल्यावर गार लागलं पण हात ओला झाला नाही, की वेळ आली. मागच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावा, म्हणजे ठोक्यांनी चामडं ताणत नाही. खाली ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा. मॅलेट लाकडीच हवं, लोखंडी हातोडीने ठशाची डोकी फुलतात. संचातलं मॅलेट हलकं आहे, पण चालतं.

नक्षीचं म्हणाल तर सगळीकडे अमेरिकन रानगुलाब दिसतो. वायोमिंगमधल्या शेरिडनचा खोगीर कारागीर डॉन किंग याच्या नावाशी जोडलेली ही शैली, एकात एक गुंतलेल्या गोल वेलींची. वर्तुळात फिरणाऱ्या देठांची ती युक्ती घ्यावी, फूल आपलं घालावं. मी सुरीच्या म्यानावर कोयरी आणि वेल काढली. शिवणीसाठी कडेला १२ मिलिमीटर कोरी जागा सोडली, कारण दोन थरांमध्ये चामड्याची पट्टी घालावीच लागते. ती नसेल तर सुरी आत जाताना धार दोराच कापते. कोरीव काम आधी, शिवण नंतर. सुरीचा आकार बसवताना नक्षीवर अंगठा दाबलात की मेहनत सपाट.

कोयत्याचं गणित निराळं. पातं आत वळलेलं, त्यामुळे बंद म्यानात ते सरकत नाही. धारेच्या बाजूला पट्टी घालून शिवलं, पाठीची बाजू उघडी ठेवली आणि टिचबटणाचे दोन पट्टे लावले. हा कोयता गाडीच्या पाट्याच्या पोलादाचा, गंजणारा. कामापुरता म्यानात ठेवायचा, रात्री तेल लावून बाहेर. चामड्यातलं टॅनिन आणि ओल दोन्ही त्याच्या मुळावर येतात.

कानस हातात धरता येणाऱ्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही, पाचपैकी तीन. बाकीच्यांना माझ्याकडून दीड. सहा चांगले पोलादी ठसे, एक बरी सुरी आणि चामड्याचा अर्धा खांदा (जनावराच्या खांद्याकडचा तुकडा) यांना पैसे जास्त पडतील, पण निम्मं कपाट अडणार नाही. क्रोमचे तुकडे मी फोटोसह परत केले. विक्रेत्याने त्यांचे पैसे दिले, कुरिअरचे नाहीत.