थंडरबर्ड उघडेना, आणि वर म्हणे "आधीच चालू आहे"

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम मी एप्रिल 2025 पासून वापरतेय, वर्ष होत आलं. थंडरबर्ड म्हणजे काय, कुठून डाउनलोड करायचं हे सांगत बसत नाही, हे वाचताय म्हणजे तुमच्याकडे ते आहेच आणि बहुतेक उघडत नाहीये.

आधी माझं काम सांगते, नाहीतर एवढा जीव वर-खाली का झाला ते कळायचं नाही. मी ग्वाल्हेरला घरूनच जीएसटीची रिटर्न्स भरते, दालबाजारातले काही व्यापारी आणि लष्कर नावाच्या भागातले थोडे किराणावाले. त्यांची बिलं मेलवर येतात, म्हणजे यावीत अशी अपेक्षा, अर्धी व्हॉट्सॲपवर येतात आणि मग मी "भैया, मेल पे डाल दो" करत बसते. पूर्वी विंडोजमधलंच साधं मेल ॲप होतं, त्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2024 ला संपला, मग मार्च एंडपर्यंत ब्राउझरमध्ये कसंबसं काढलं आणि नवीन आर्थिक वर्षाला हे टाकलं.

टाकलं ते पैसे वाचवायला, हे स्पष्टच सांगते. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, त्यात ड्राइव्ह आलं, फोटो आले, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ आले. वरून व्यापाऱ्यांनी मोबाईलवर स्कॅन केलेली बिलं, एकेक पीडीएफ म्हणजे लग्नाचा अल्बम. आणि डिलीट करता येत नाही, कारण जीएसटीचा रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने सांभाळायचा नियम आहे. दर महिन्याला जागेचं भाडं भरण्यापेक्षा मी थंडरबर्डमध्ये पीओपी3 लावलं, मेल घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे. सी ड्राइव्हची एसएसडी अगदी छोटी, म्हणून प्रोफाईलचं फोल्डर डी ड्राइव्हवर, जुन्या मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवलं. म्हणजे व्यापाऱ्यांचे सगळे मेल त्या एका फोल्डरात.

पहिले काही महिने झकास गेले. एकच तक्रार होती, ते कार्ड व्ह्यू. एका मेलला दोन-तीन ओळी, स्क्रीनवर मेल दिसतात किती तर मोजके. मी लगेच टेबल व्ह्यू केला आणि सगळ्यांना सांगत सुटले की नवीन डिझाईन बेकार आहे. (आता परत कार्डवर आलेय. चष्म्याचा नंबर वाढला, मोठं दिसतं. तेव्हा ती तक्रार रद्द.)

आता मुख्य. 10 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. 11 ला जीएसटीआर-1 ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख, आणि महिना कुठला तर सप्टेंबर, ज्यात 22 तारखेपासून दर बदलले. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना एवढ्यावरच घाम फुटेल. तूप, बदाम, नमकीन, सगळं 21 पर्यंत 12 टक्के आणि 22 पासून 5 टक्के, एकाच दुकानाच्या एकाच महिन्याच्या बिलांत दोन दर, म्हणजे प्रत्येक बिलाची तारीख डोळ्यांनी बघायची. सकाळी चहा घेऊन बसले, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि खिडकी आली: थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाहीये, आधी चालू असलेलं बंद करा नाहीतर कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

बरं. टास्क मॅनेजर उघडला. तिथे थंडरबर्ड नाहीच. वरती नाही, बॅकग्राउंडमध्ये नाही, डिटेल्सच्या टॅबमध्ये नावसुद्धा नाही. रिस्टार्ट केलं, परत तेच. माणूस घरात नाही आणि आतून आवाज येतोय की आहे म्हणून!

या एका वाक्याचा मला इतका राग आलाय की अजून गेला नाही, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिणार, घाई असेल त्यांनी हा पॅरा सोडा. हा मेसेज खरा असतो तेव्हा उपाय सोपा आहे. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम मागे थोडा वेळ फाईली आवरत बसतो, जुन्या हार्ड डिस्कवर जरा जास्तच, तेवढ्यात तुम्ही परत क्लिक केलं तर हा मेसेज येतो. टास्क मॅनेजरमध्ये दिसत असेल तर दोन मिनिटं थांबा, नाही गेलं तर एंड टास्क करा, झालं. पण प्रोग्राम सुरू होताना प्रोफाईलच्या फोल्डरात 'पेरेंट डॉट लॉक' नावाची एक फाईल करतो, 0 केबीची, आत काही नाही, फक्त "हे फोल्डर माझ्या ताब्यात आहे" एवढं सांगायला. ती फाईल त्याला करता आली नाही, मग कारण काहीही असो, फोल्डरला लिहायची परवानगी नसो की दुसऱ्या कुणी ते अडवलेलं असो, तरी तो तुम्हाला हेच वाक्य दाखवतो, आधीच चालू आहे. अरे, "मला फोल्डरात लिहिता येत नाहीये" एवढं म्हटलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. बाकी प्रोग्रामला पाच स्टार, या वाक्याला उणे दोन.

मग जे सगळे सांगतात ते केलं. पेरेंट डॉट लॉक डिलीट करा म्हणतात, केली, काही नाही. शिफ्ट दाबून धरून उघडा म्हणतात, तो ट्रबलशूट मोड, ॲड-ऑन वगैरे बंद करून बघायला असतो, पण फोल्डरच मिळत नाही तर त्याचा काय उपयोग, तोही उघडला नाही. अनइन्स्टॉल करून परत टाकलं. यात एक चांगलं आहे, मेल प्रोग्रामच्या फोल्डरात नसतात, प्रोफाईलच्या वेगळ्या फोल्डरात असतात, त्यामुळे अनइन्स्टॉल केल्यानं मेल जात नाहीत. पण त्याच कारणानं बिघाडही गेला नाही.

दुपारी ओळखीच्या दुकानवाल्याला फोन लावला. नाव लिहीत नाही, तोच आमच्याकडे यूपीएस बसवून गेलाय, संबंध ठेवायचे आहेत. कॉम्प्युटर न बघताच म्हणाला, "मॅडम, फॉर्मॅट करना पडेगा, पंधरासौ. और वैसे भी विंडोज 10 चौदा तारीख को बंद हो रहा है, नया ही ले लो." मी म्हटलं माझे मेल? तर म्हणे "बॅकअप निकाल देंगे, उसका अलग लगेगा." नाना, म्हणजे माझे सासरे, एजी, म्हणजे अकाउंटंट जनरलच्या ऑफिसातून रिटायर झालेत, ते बाजूला पेपर वाचत होते, पेपर खाली न करताच म्हणाले, "फाईल सापडत नाही म्हणून कपाट जाळायचं का?" फोन ठेवला.

मेल आहेत की गेले हे आधी बघायचं होतं. थंडरबर्डचे मेल साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात, एमबॉक्स म्हणतात त्याला, एका फोल्डराची एक लांबच लांब फाईल. इनबॉक्सची फाईल म्हणजे नाव नुसतं इनबॉक्स, पुढे एक्स्टेंशन काही नाही, आणि शेजारी त्याच नावाची डॉट एमएसएफवाली छोटी फाईल, ती फक्त इंडेक्स. एमएसएफ उडवली तरी प्रोग्राम परत बनवतो. बिनएक्स्टेंशनची उडवली की संपलं, हे नीट लक्षात ठेवा, कारण दिसायला ती बिनकामाची वाटते. इनबॉक्स नोटपॅडला झेपणार नव्हता म्हणून सेंटची फाईल कॉपी करून ती कॉपी नोटपॅडमध्ये ओढली. बराच वेळ गोल फिरलं आणि मग दिसली सगळी, माझी "भैया, बिल नंबर 118 की कॉपी साफ नहीं है" वाली पत्रं, अटॅचमेंटच्या जागी पानंच्या पानं अगम्य अक्षरं, पण होतं सगळं. मी चहा परत गरम केला.

इथून पुढचं कामाचं आहे. विंडोज बटण आणि आर दाबून रनची खिडकी उघडा, त्यात थंडरबर्ड डॉट ईएक्सई, एक स्पेस, डॅश आणि पी. प्रोफाईल मॅनेजर येतो. तिथे 'टेस्ट' नावाचं नवीन प्रोफाईल केलं, जागा तो देईल तीच ठेवली, म्हणजे सी ड्राइव्ह. स्टार्ट केलं आणि एका झटक्यात उघडलं! म्हणजे प्रोग्राम ठणठणीत, विंडोज ठणठणीत, फॉर्मॅटची काही गरज नाही, भांडण फक्त डीवरच्या त्या फोल्डराशी. एक सूचना, माझ्यासारखं पीओपी असेल तर त्या टेस्ट प्रोफाईलमध्ये आपलं अकाउंट घालू नका. घातलं की ते नवीन मेल तिकडे उतरवायला लागेल आणि मग निम्मे इकडे निम्मे तिकडे. उघडतंय का बघायचं, बंद करायचं.

मग डीवर कुणाचा पहारा आहे, हे शोधताना अँटिव्हायरस आठवला. पैसे देऊन घेतलेला, कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याच्या पॉप-अप मी केव्हाच बंद करून टाकल्या होत्या कारण रोज सकाळी "रिन्यू करा, 40 टक्के सूट" असं कोपऱ्यात नाचायचं. आत जाऊन हिस्टरी बघितली तर ओळीनं लाल: थंडरबर्डला संरक्षित फोल्डरमध्ये बदल करण्यापासून रोखले. रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून, वाचवायचं नवीन फीचर अपडेटमध्ये आलं होतं आणि त्यानं डी ड्राइव्हवरची कागदपत्रं आपणहून ताब्यात घेतली होती. वाचू देत होता, लिहू देत नव्हता, म्हणूनच नोटपॅडमध्ये सगळं दिसलं आणि लॉकची फाईल मात्र होईना. थंडरबर्डला परवानगीच्या यादीत टाकलं, उघडलं. लाईट जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेत शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळी जीएसटीआर-1 गेली.

तेव्हा मी घरात जाहीर केलं होतं की थंडरबर्ड ग्रेट, अँटिव्हायरस चोर. मग नोव्हेंबरमध्ये परत तेच! उघडेना, आधीच चालू आहे. या वेळी सरळ हिस्टरी बघितली, परत लाल ओळी. मार्च 2025 पासून डाउनलोडच्या पानावर मिळणारी नेहमीची आवृत्ती ही दर महिन्याला नवीन येणारी आहे, आधी मुख्यतः वर्षाला एक मोठी असायची. दर महिन्याला प्रोग्रामची फाईल बदलते, आणि माझा अँटिव्हायरस बदललेल्या फाईलला नवखा समजून परत अडवतो. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी ईएसआर नावाची आवृत्ती आहे, तिच्यात नवीन फीचर वर्षातून एकदा येतात, मधे फक्त दुरुस्त्या. दुरुस्तीतही फाईल बदलतेच म्हणा, त्यामुळे तो इलाज अर्धाच. खरा इलाज म्हणजे नुसता प्रोग्राम नाही, प्रोफाईलचं पूर्ण फोल्डरच अँटिव्हायरसच्या स्कॅनिंगमधून आणि त्या पहाऱ्यातून बाहेर काढायचं. थंडरबर्डवालेही हेच सांगतात, कारण दुसरा धोका याहून मोठा आहे: इनबॉक्स ही एकच फाईल, त्यात एखादा व्हायरसवाला मेल सापडला तर अँटिव्हायरस पूर्ण इनबॉक्स उचलून क्वारंटाईनमध्ये टाकू शकतो.

जानेवारीत अँटिव्हायरसची मुदत संपली, 40 टक्क्यांची सूट 60 वर आली, तरी घेतला नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, फुकट आहे, त्यातही असाच फोल्डरचा पहारा आहे पण तो मुळात बंद असतो, आपण चालू केला तरच. तेव्हापासून एकदाही नखरा नाही.

बॅकअपबद्दल मात्र तक्रार आहे. टूल्समध्ये एक्सपोर्ट आहे, पण 2 जीबीच्या वरचं प्रोफाईल त्यातून झिप होत नाही, आणि माझ्यासारख्याचं कधीच वर गेलेलं. मग थंडरबर्ड बंद करून पूर्ण फोल्डर हातानं पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह जुना असला आणि फॅट32 मध्ये फॉर्मॅट केलेला असला तर 4 जीबीच्या वरची एक फाईल त्यावर बसत नाही, आणि इनबॉक्स तर एकच फाईल. एनटीएफएस करून घ्या. शिवाय डिलीट केलेले मेल त्या फाईलमधून लगेच जात नाहीत, फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावरच जातात, ते केलं आणि माझा इनबॉक्स एकदम रोडावला. हे कॉम्पॅक्ट आधी करा, मग बॅकअप. आता दर महिन्याच्या 20 ला, जीएसटीआर-3बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरून झालं की, तेवढं करते.

दुकानवाल्याचा मधून मधून मेसेज येतो, "मॅडम, विंडोज 11 का क्या सोचा?" आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज 11 ला किमान आठवी लागते, म्हणजे त्याच्या हिशोबानं पूर्ण डबाच नवीन. पण विंडोज 10 ला घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतायत, सेटिंग्जचा बॅकअप चालू करून नाव नोंदवलं की फुकटात, मी नोंदवलंय. त्याला सांगितलं, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते त्यानं विचारलं नाही.