मधुमेहींसाठीचे बूट: आठ महिने वापरल्यावर

टाइप २ मधुमेह होऊन मला अकरा वर्षं झाली. गेल्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू पायाच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. मी आपला वाट बघत बसलो, कधी टेकवतात म्हणून. उजव्या अंगठ्याखाली तीनदा टेकवून झाला होता! त्यानंतर हे बूट घेतले: पुढून रुंद, मऊ तळाचे, आत शिवण नसलेले.

बूट चांगलेच आहेत. बोटं दाटत नाहीत, संध्याकाळी पाय सुजले की वेल्क्रो सैल करता येतो. सुरुवातीला रोज तास-दोन तासच घातले. सहाव्या महिन्यात टाचेखालचा तळ दबला, तो बदलून घेतला. रूपाबद्दल न बोललेलं बरं.

घोटाळा झाला तो माझ्याकडून. बूट आले आणि मी निर्धास्त झालो. तिसऱ्या महिन्यात आतला सुटा तळ सरकून दुमडला आणि मी दिवसभर तसाच हिंडलो. दुखलं असतं तर काढला नसता का? रात्री मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. करंगळीच्या मुळाशी फोड येऊन फुटलाही होता. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तरी जखम भरायला पाच आठवडे लागले.

आता बूट घालण्याआधी आत हात फिरवतो. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो. क्रीम टाचेला लावतो, बेचक्यांत नाही. घट्टे स्वतः ब्लेडने तासायचं सोडलं. कसा तासत होतो, देव जाणे.

पायातल्या मुंग्या मात्र बुटांनी जात नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. माझ्या थोड्या कमी झाल्या त्या दोन कारणांनी असाव्यात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९ टक्क्यांवरून ७.२ वर आला. शिवाय मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. माझं तपासलं तर कमीच निघालं, त्याचे उपचार चालू आहेत. अंगठ्याखालची जागा अजून मुकीच आहे.

पुन्हा हेच बूट घेईन, फक्त आतून फिक्या रंगाचे. काळ्या अस्तरावर रक्ताचा डाग दिसत नाही.