दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये नऊ महिने : क्यू अकूस्टिक्स ३०२०आय

आमचा डोंबिवलीचा हॉल दहा फूट बाय चौदा फूट. त्यात दिवाण, टीव्हीचं युनिट, पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यात आईचा मिरजेचा तंबोरा. एवढ्या जागेत गाणं नीट ऐकता यावं म्हणून दसऱ्याला मी क्यू अकूस्टिक्सचे ३०२०आय हे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावतील एवढे छोटे स्पीकर घेतले. आता आषाढ चालू आहे. रोज सकाळी तासभर आणि रात्री जेवणं उरकल्यावर हे वाजतात.

याआधी माझ्याकडे कंबरेएवढे उंच, जमिनीवर ठेवायचे स्पीकर होते. दुकानातल्या मोठ्या खोलीत ते ऐकताना अंगावर काटा आला होता. घरी आणले आणि तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचा प्रत्येक ठोका फुगायला लागला. पुढची मात्रा आली तरी आधीचा ठोका खोलीतच घुटमळत राहायचा. एकदा शेजारच्या काकू दारात आल्या. "अगं, गाणं काही ऐकू येत नाही, भिंतीतून नुसतं घूं घूं येतं," म्हणाल्या. मी वायर बदलली, स्पीकर चालवणारा अँप (अँप्लिफायर) बदलला, फरक शून्य. शेवटी मोजपट्टी घेऊन बसले.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट ज्याची तरंगलांबी, तो स्वर त्या खोलीत घुमतो. आमच्या चौदा फुटांना हा आकडा ४० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४० कंपनं) येतो, दहा फुटांना ५६ आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. म्हणजे रुंदी आणि उंची जवळपास एकाच स्वरावर घुमणार. जुने स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत दणक्यात उतरायचे, त्यामुळे खालचा प्रत्येक आवाज खोलीला जागं करायचा. ३०२०आयचा आवाज ६४ हर्ट्झला पोचेपर्यंतच ६ डेसिबलने उतरलेला असतो. माहितीपत्रकात हा आकडा कमीपणाचा वाटतो, पण आमच्या हॉलच्या दृष्टीने तो नेमका हवा तिथे आहे. घूं घूं गेलं. काकूंना विचारलं, तर त्यांना आता फक्त माणसाचं गाणं ऐकू येतं, तेही दार उघडं असेल तेव्हा.

स्पीकरची उंची २८ सेंटीमीटर, समोरून मागेपर्यंतचं मापही तेवढंच. खालच्या स्वरांसाठी पाच इंची वूफर, वर बारीक स्वरांसाठी २२ मिलिमीटरचा ट्वीटर. हवा जायचं भोक मागच्या बाजूला आहे, म्हणून भिंतीला चिकटवून चालत नाही. पहिला महिना मी ते टीव्हीच्या युनिटवर ठेवले होते, तो महिना जवळजवळ वायाच गेला. युनिटची फळी स्वतःच वाजत होती. मग फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपाचे दोन स्टँड करून घेतले. आत चाळून, उन्हात वाळवलेली वाळू भरली आणि वर ओट्याच्या कामातून उरलेल्या कडाप्प्याचे तुकडे बसवले. उंची अशी धरली की दिवाणावर बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत येतो. दोन स्पीकरमध्ये सहा फूट अंतर, माझ्यापासून सात.

स्टँड आल्यावर डग्गा आवळला, पण तार सप्तकातला आवाज अजून बोचत होता. हॉलमध्ये टाळी वाजवून पाहिली तर पत्र्यावर वाजवल्यासारखी परत आली. खाली टाइल्स, समोर मोकळी भिंत, बाजूला काचेची खिडकी. सतरंजी अंथरली, दिवाणामागे आजीची गोधडी टांगली आणि स्पीकर पाठीमागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. एवढ्या फरकासाठी लोक स्पीकर बदलतात. मी गोधडी टांगली आणि सारंगी सारंगीसारखी ऐकू यायला लागली. पावसाळ्यात खिडकी बंद असली की पुन्हा थोडी धार येते, तेव्हा पडदा पूर्ण ओढते.

खरी परीक्षा आईने घेतली. तिने तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला लावला, मी तो फोनवर रेकॉर्ड केला आणि तंबोरा असतो त्याच बाजूला ठेवलेल्या स्पीकरवरून वाजवला. ती डोळे मिटून ऐकत होती. "जवारी आहे. भोपळ्याचा श्वास थोडा कमी पडतोय," म्हणाली. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची झंकारती गुंज. मला हे अगदी पटलं. काळी चारचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा स्वर, १०४ हर्ट्झच्या आसपास, तो या स्पीकरला सहज झेपतो. पुरुषी गळ्यासाठी काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज मात्र ६९ हर्ट्झपर्यंत उतरतो आणि तिथे आवाज पातळ होतो. तरीही स्वर हरवत नाही, कारण मूळ स्वरासोबत वर उमटणारे उपस्वर शाबूत असले की मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. जवारीचे हे उपस्वर मात्र स्पीकरने स्वच्छ द्यायला हवेत, आणि हे ते देतात. माझ्यासाठी ३०२०आयचं मोल यातच आहे.

सोबत फोमची बुचं येतात, मागच्या भोकात बसवायला. दिवसा मी ती लावून ठेवते. रात्री आवाज अगदी बारीक करते तेव्हा काढते. हलक्या आवाजात खालचे स्वर आपल्या कानाला कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली गोष्ट. बुचं काढली की खालचा भराव थोडा परत येतो आणि मुलाची झोपही मोडत नाही.

अँप मोठा घ्यायची गरज नाही. एका वॅटला एका मीटरवर ८८ डेसिबल एवढी यांची संवेदनशीलता आहे. सात फुटांवरून गप्पांच्या पातळीवर ऐकायला एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली साधी जाड तांब्याची वायर नऊ महिने व्यवस्थित चालली आहे. पंखा पाचवर असला की विलंबितातल्या, म्हणजे संथ लयीतल्या, स्वरावरून स्वरावर घसरणाऱ्या बारीक मींडी दबतात, म्हणून ऐकताना तो दोनवर आणते. मे महिन्यात हे जड गेलं.

पखवाज इथे पूर्ण मिळत नाही. त्याच्या डाव्या तोंडाचा थरार कळतो, पण पोटात जाणवणारा भाग येत नाही. फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर जोडून बघ, असं भाऊ दोनदा म्हणाला. मी पुन्हा मोजपट्टी काढली, ५६ आणि ५९ चे आकडे त्याला दाखवले. त्याने स्वतःच्या हॉलची मापं फोनवर सांगितली. त्याची लांबी सोळा फूट निघाली, रुंदी अकरा. पुढच्या रविवारी हे स्पीकर घेऊन त्याच्याकडे जाणार आहे, सतरंजी आणि गोधडीसकट.