माती, सिलिकोन आणि जेल यांसाठी एकच यंत्र: हवेच्या दाबावर चालणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचे परीक्षण

थ्रीडी प्रिंटर म्हटले की बहुतेकांना प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारे यंत्र आठवते. स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला ती पद्धत आता घरोघरी पोहोचली आहे. येथे परीक्षणासाठी घेतलेल्या यंत्राची जातकुळी वेगळी आहे. यात प्लास्टिक वितळवावे लागत नाही. सिरिंजमध्ये भरलेली लगद्यासारखी घट्ट शाई हवेच्या दाबाने बारीक नोझलमधून बाहेर ढकलली जाते आणि बाहेर पडल्यावर तिने आपला आकार स्वतःच धरून ठेवावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजमध्ये जोसेफ सेझारानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सिरॅमिकच्या वस्तू घडवण्यासाठी ही वाट पाडली. आज त्याच तत्त्वावर चालणारी, टेबलावर मावणारी यंत्रे मिळतात आणि एकाच यंत्रात माती, सिलिकोन, जेल असे काहीही भरता येईल, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

हा दावा खरा आहे, पण यंत्राची खरी पारख तो करून देत नाही. सरळ रेषेच्या मधल्या भागात जवळजवळ प्रत्येक यंत्र चांगले काम करते. रेषा सुरू होताना शाई वेळेवर येते का आणि रेषा संपताच ती थांबते का, यावरून यंत्राचा दर्जा ठरतो, आणि नेमकी हीच बाजू या यंत्रात कमकुवत आहे. हवा दाबली जाते, त्यामुळे झडप उघडल्यापासून नोझलच्या टोकाशी पूर्ण दाब पोहोचेपर्यंत काही वेळ जातो. सिरिंज रिकामी होत जाते तशी शाईच्या वरची हवेची पोकळी वाढते आणि हा विलंबही वाढत जातो. परिणामी सकाळी भरलेल्या सिरिंजवर बसवलेले आकडे ती अर्धी संपल्यावर चालत नाहीत आणि कोपऱ्यांवर शाईचे गोळे दिसू लागतात. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडण्याचा आणि बंद करण्याचा वेळ वेगवेगळा नोंदवता येतो, ही सोय उत्तम आहे. मात्र सिरिंजमधील उरलेल्या शाईनुसार तो वेळ आपोआप बदलत नाही. ही सुधारणा निर्मात्यांनी तातडीने करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

चिनी मातीच्या बाबतीत अडचण आणखी खोल जाते. दाब बराच वेळ टिकला की पाणी कणांच्या पुढे सरकते, सुरुवातीची माती ओलसर बाहेर पडते आणि सिरिंजमध्ये उरलेला भाग घट्ट होत जातो. त्यात नोझलचे टोक थोडा वेळ उघडे राहिले तरी सुकून बुजते. मातीचेच काम प्रामुख्याने करायचे असेल तर मळसूत्राने किंवा मोटरच्या पिस्टनने माती ढकलणारे यंत्र घ्यावे, कारण त्यात दर क्षणी किती माती बाहेर जाते यावर थेट ताबा राहतो.

सिलिकोनवर मात्र हे यंत्र मनापासून आवडले. चांगल्या शाईत दोन गुण एकत्र लागतात: नोझलमध्ये घासली जाताना ती पातळ व्हावी आणि बाहेर येताच पुन्हा घट्ट व्हावी, म्हणजे ठरावीक ताणापर्यंत तिने हलूच नये. सिलिकोनमध्ये अतिसूक्ष्म सिलिकाची भुकटी मिसळली की हे दोन्ही गुण येतात आणि थरावर थर स्वच्छ बसतात. सिलिकोनचे दोन भाग एकत्र केल्यानंतर शाई हळूहळू घट्ट होत जाते, म्हणून काम लांबले तर दाब वाढवत न्यावा लागतो; दाबाचे बटण मुद्रण चालू असतानाही फिरवता येते, ते येथे उपयोगी पडते. प्लॅटिनम उत्प्रेरक असलेल्या सिलिकोनला लेटेक्सचे हातमोजे लावू नयेत, कारण त्यातील गंधकामुळे ते नीट पक्के होत नाही. माहितीपुस्तिकेत ही सूचना नाही, ती असायला हवी होती.

सर्वांत आनंद दिला तो प्लुरोनिक एफ१२७ या जेलने. ते थंडीत पातळ आणि खोलीच्या तापमानाला घट्ट असते. त्याने बारीक वाहिन्यांचे जाळे छापावे, त्यावर सिलिकोन ओतून पक्के होऊ द्यावे आणि मग सगळे थंड करावे. जेल वितळून बाहेर काढता येते आणि आत मोकळ्या वाहिन्या उरतात. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट हे जेल कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणाने पक्के करता येते, पण ते इतके मऊ असते की उभा आकार स्वतःच्या वजनाने बसतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने २०१५ मध्ये जिलेटिनच्या आधारद्रव्यात छापण्याची जी रीत मांडली, ती येथे उपयोगी पडते. यंत्रासोबत लांब सुई मिळते, त्यामुळे ही रीत वापरायला यंत्राचा वेगळा भाग विकत घ्यावा लागत नाही.

नोझलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पाण्यासारख्या द्रवासाठी सरळ नळीचा व्यास निम्मा केला तर तोच प्रवाह राखायला सोळापट दाब लागतो. या शाया दाबाखाली पातळ होत असल्याने वाढ तितकी नसते, तरी ती मोठीच असते. म्हणून सोबतच्या धातूच्या सरळ सुयांपेक्षा निमुळते प्लास्टिक नोझल वापरावेत. भरड कणांच्या शाईला बारीक नोझल लावू नये आणि सिरिंज भरल्यावर हवेचे बुडबुडे सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) काढून टाकावेत, अन्यथा एक बुडबुडा संपूर्ण थर तोडतो.

निरनिराळ्या शाया पारखून पाहणाऱ्या प्रयोगशाळेने किंवा सिलिकोन आणि जेल वापरणाऱ्या कार्यशाळेने हे यंत्र जरूर घ्यावे, मात्र त्यासोबत दाब स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर वेगळा घ्यावा. यंत्रासोबतच्या रेग्युलेटरचा दाब दाखवणारा काटा कॉम्प्रेसर सुरू होताच हलतो आणि ती हालचाल छापलेल्या रेषेच्या जाडीत उघड दिसते.