ब्लॉगच्या नावाखाली १,१८,००० रुपयांना टोपी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची एसजी आयर्नची (एसजी म्हणजे स्फेरॉइडल ग्रॅफाइट, ग्रॅफाइटचे बारीक गोळे असलेलं ओतीव लोखंड) फाउंड्री आहे. ‘बिझनेस ब्लॉग लिहून देतो’ म्हणणाऱ्या पुण्याच्या एका एजन्सीने मला १,१८,००० रुपयांना गंडवलं. नाव देत नाही, एव्हाना ते बदललंही असेल. पद्धत तुम्हाला माहीत आहेच: झकास सॅम्पल, गोड बोलणं, अ‍ॅडव्हान्स, मग फोन बंद.

फाउंड्रीवाल्याला ब्लॉग कशाला, असं माझ्या मेहुण्यानेही विचारलं. अहो, पंप-व्हॉल्व्हवाल्यांचे परचेस मॅनेजर हल्ली चौकशीचा मेल टाकण्याआधी वेबसाइट चाळतात. त्यांना ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ वाचायचं नसतं. लोखंडाची ४००/१५ ऐवजी ५००/७ ग्रेड घेतली तर ताकद वाढते, पण इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्याचं प्रमाण, १५ टक्क्यांवरून ७ वर येतं. मग माझ्या पार्टला कुठली चालेल, हे कुणीतरी सरळ सांगावं एवढंच त्यांना हवं असतं. एजन्सीचं सॅम्पल अगदी तसंच होतं. मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरतो आणि ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, हे साध्या इंग्रजीत इतकं नेमकं लिहिलं होतं की मी ते सुपरवायझरला वाचून दाखवलं. यात कुणाला शंका येणार? पुढे त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकलं, तर अख्खा लेख एका परदेशी फाउंड्रीच्या साइटवर. तुम्ही हे पैसे देण्याआधी करा.

२४ लेखांचे १,००,००० आणि १८ टक्के जीएसटी. निम्मे, म्हणजे ५९,००० आधी; उरलेले विषयांचं कॅलेंडर मंजूर झाल्यावर.

आता जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते सांगतो. पहिल्या बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७, हे मला झोपेतही सांगता येईल. दर महिन्याला तेच तर करतो. पुणे-कोल्हापूर व्यवहारात ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) लागायला हवा, इथे सरळ दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी ९,००० लावलेला. बिल माझ्या टेबलावर होतं, त्यावर मी ‘पेड’ लिहून सही केली. बरं, पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला २बी (सप्लायरांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांचं पत्रक) आलं, त्यातही ते बिल नव्हतं. अकाउंटंट म्हणाला, “साहेब, क्वार्टरली रिटर्नवाले असतील, येईल पुढं.” ते पटण्यासारखंच होतं, आमचे निम्मे सप्लायर असलेच आहेत. दुसरे ५९,००० गेले. नंतर जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकला तर भलतीच फर्म निघाली, तीही नोंदणी रद्द झालेली. पोर्टलवर नंबर तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही. बँक खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नसेल तर एक रुपया सोडू नका.

मग ४ लेख आले. पहिल्यातच एसजी म्हणजे ‘सिंगापूर ग्रेड’! बाकीचे ‘आजच्या वेगवान स्पर्धेच्या युगात’ छापाचे. ते वाचून परचेस मॅनेजर आमचं नाव यादीतून कापेल. फोन केला तर बंद.

पोलीस ठाण्यात तर कहरच. “मालक, लेख आलेत ना? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर.” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले, पैसे गेले ते बँक खातं दिल्लीचं, आपली हद्द नाही. अहो, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ नुसार हद्द न बघता तक्रार घ्यायची असते, हे मी त्यांना सांगायचं? त्यावर उत्तर मिळालं, “तुम्ही वकील आहात का?” सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला, पावती नंबर मिळाला. पैसे तोवर खात्यातून पुढे गेलेले. म्हणून म्हणतो, संशय आला की त्याच तासाला १९३० लावा, एजन्सीला विनवण्या करत बसू नका. बँकेत म्हणे, ओटीपी तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकिलांनी सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहक नाहीच. जीएसटी ऑफिसात बनावट बिल दाखवलं तर माझ्याच रिटर्नची चौकशी सुरू! बिल २बी मध्ये नाही म्हणून भरलेल्या १८,००० जीएसटीचं क्रेडिटही (आपल्या करातून वजावट) नाही. चोर मोकळा आणि कागद आणून द्यायचे मी.

सॅम्पलवर जाऊ नका. लिहिणाऱ्या माणसाला अर्धा तास शॉपवर उभं करा, भट्टीजवळ. त्याने काय प्रश्न विचारले त्यावरून कळतं. सर्च कन्सोल, म्हणजे गुगलवरून साइटवर किती जण आले ते दाखवणारं गुगलचं साधन, आपल्याच जीमेलवर ठेवा. मला दाखवलेले ‘व्हिजिटर’ नुसते स्क्रीनशॉट होते. पैसे लेखागणिक द्या, लेख हातात आल्यावर. आणि बिलावरच्या पुण्याच्या पत्त्यावर कुणी खेटे घालू नका. मी जाऊन आलो. तिथे भाड्याने नुसता पत्ता मिळतो, रिसेप्शनवरच्या मुलीने मला त्याचं दरपत्रक दिलं.