साठ हजार बॉलस्क्रूचे घेतले, सैल होतं कपलिंग

भोसरीत माझं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. वीसेक वर्षं जुनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन), सेकंडहँड घेतलेलं, फानुक कंपनीचा कंट्रोल. गेल्या पावसाळ्यात त्याचा वाय ॲक्सिस, म्हणजे टेबलाची पुढे-मागे चाल, सरकायला लागला. सकाळचे जॉब ओके, संध्याकाळी डॉवेलपासून (जॉब जागेवर बसवणारी पिन) बोअरचं, म्हणजे भोकाचं, अंतर 70 मायक्रॉनने (0.07 मिलिमीटर) हललेलं. ऑपरेटर रोज जी 54 मध्ये, म्हणजे जॉबच्या शून्याच्या सेटिंगमध्ये, वाय बदलून वेळ मारून न्यायचा. अलार्म एकही नाही.

ओळखीतून एक सर्व्हिसवाला आला. टेबलाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं गेज) लावला, हँडव्हीलने ॲक्सिस पुढे-मागे केला. दिशा बदलली की काटा 45 मायक्रॉन खायचा. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर त्याने खापर फोडलं. "शेठ, बॉलस्क्रू संपला. नवा दोन लाखांच्या खाली नाही. मी बॉल बदलून देतो, साठ हजार, चाळीस ॲडव्हान्स." पक्कं बिल मागितलं तर जीएसटी कशाला वाढवता म्हणाला. मीही गप्प बसलो, ती माझी चूक.

त्याने दाखवलेला बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलतानाची ढील, खरा होता. म्हणूनच मी फसलो. पण बॅकलॅश दिशा बदलताना तेवढाच खातो, दिवसभर साठत जात नाही. माझा वाय तर साठत होता. बरं, उष्णतेने स्क्रू वाढला म्हणावं, तर रात्री थंड झालेलं मशीन सकाळी जागेवर यायला हवं. ते यायचं नाही, होमिंग (मशीन पुन्हा त्याच्या शून्यावर नेणं) करूनही नाही. हे दोन प्रश्न मी त्याच्या तोंडावर विचारायला हवे होते.

स्क्रू काढून नेला तो सोळा दिवसांनी आणला. बसवला, डायल लावला, काटा शून्य. उरलेले वीस दिले. चौथ्या दिवशी बोअर पुन्हा 60 ने बाहेर. फोन केला तर "मशीनच जुनं आहे शेठ, त्याला मी काय करू?" त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग शेजारच्या गाळ्यातले एक काका आले, मोठ्या कारखान्यातून मेंटेनन्समधून रिटायर झालेले. त्यांनी डायल मागितलाच नाही. मार्कर मागितला. मोटर आणि स्क्रूमधलं कव्हर काढून मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगच्या (मोटरचा शाफ्ट स्क्रूला जोडणारा तुकडा) हबवर एक सरळ रेघ ओढली आणि रॅपिडवर, म्हणजे फुल स्पीडने, वाय वीस मिनिटं पळवला. रेघ तुटली होती, अर्ध्या मिलिमीटरने. माझा शाफ्ट 24 मिलिमीटरचा, स्क्रूचा पिच 10, म्हणजे एका फेऱ्यात टेबल 10 मिलिमीटर सरकतं. शाफ्टच्या घेरावर अर्धा मिलिमीटर म्हणजे टेबलावर जवळजवळ 70 मायक्रॉन. हिशोब तिथेच जुळला.

एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारा सेन्सर, मोटरच्या मागे बसलेला. मोटर किती फिरली एवढंच कंट्रोलला कळतं, पुढे हब शाफ्टवर घसरला तरी त्याच्या लेखी सगळं ठीक. होमचा पल्सही त्याच एन्कोडरचा, म्हणून शून्यही सोबत सरकायचं.

हबमध्ये तेल गेलं होतं. काकांनी तो थिनरने पुसला, क्लॅम्पचे स्क्रू टॉर्क रेंचने आवळले. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

मग काटा शून्य कसा झाला होता? पॅनेलच्या दारात जुन्या मालकाने चिकटवलेला पॅरामीटरचा कागद आहे. त्यावर 1851, म्हणजे बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (कंट्रोलने ढील भरून काढायचा आकडा), वाय 12. स्क्रीनवर 57. जुन्या 12 मध्ये डायलचे 45 मिळवले की झालं. एका मिनिटाचं काम, तेही फुकट. कपलिंग आवळल्यावर आम्ही ते पुन्हा मोजून 20 वर आणलं.

शेवटी वे-कव्हर सरकवून टॉर्चने बॉलस्क्रूचा नट पाहिला. या नटमध्ये बॉल भरायचे तर वरच्या रिटर्न ट्यूबची (बॉल परत फिरवणारी नळी) पट्टी खोलावीच लागते. पट्टीच्या दोन्ही स्क्रूंवर कंपनीचा पिवळा रंग होता, कुठे चीरसुद्धा नव्हती.